कागदाहून उजळ काही नाही

डोळ्याच्या बुबुळाभोवतीचा भाग पांढरा असतो, हे आपण इतक्या लहानपणी शिकतो की पुढे आयुष्यभर त्याकडे नीट पाहण्याची गरजच उरत नाही. पेन्सिलीने व्यक्तिचित्र काढू पाहणारा जवळजवळ प्रत्येक नवशिका हा भाग कोरा सोडतो आणि मग चित्रातला माणूस, तो कितीही शांत स्वभावाचा असला तरी, कुणीतरी मागून दचकवल्यासारखा डोळे वटारून पाहू लागतो. वास्तविक डोळा हा खोबणीत बसलेला गोल आहे. वरच्या पापणीची आणि तिच्या केसांची सावली त्याच्यावर पडते, दोन्ही कोपऱ्यांकडे तो वळत जातो आणि प्रकाश वरून येत असेल, म्हणजे बहुतेक वेळा, तर हा तथाकथित पांढरा भाग कपाळावरच्या उजेडापेक्षा चांगलाच काळवंडलेला असतो. दातांचे, पिकलेल्या केसांचे आणि पांढऱ्या पातळाच्या घड्यांचेही तसेच आहे. चेहऱ्यावरच्या प्रत्येक तुकड्याचे नाव बाजूला ठेवून तो शेजारच्या तुकड्यापेक्षा किती गडद किंवा किती उजळ आहे एवढेच ठरवायचे, हे छायांकनाचे खरे काम आहे. रेघा कशा ओढायच्या, पेन्सिल कशी धरायची, कोणता खोडरबर वापरायचा, या साऱ्या गोष्टी त्याच्या तैनातीला असतात.

मी हे शिकायला उशिराच लागले. बँकेतली नोकरी, घर आणि मुलांच्या परीक्षा यांतून रविवारची सकाळ मोकळी झाली, तेव्हा घराजवळच एक निवृत्त कलाशिक्षक मोठ्या माणसांचा वर्ग घेतात असे कळले. महाराष्ट्रात शाळा शिकलेल्या पुष्कळ जणांची शेडिंगशी पहिली ओळख एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांमुळे होते. तांब्या, फळ, पुस्तक असा वस्तुसमूह समोर मांडलेला असे, एक बाजू उजळ ठेवायची, दुसरी गडद करायची, खाली पडछाया द्यायची आणि तांब्याच्या पोटावर एक पांढरा ठिपका सोडायचा, एवढे ज्ञान आमच्या पिढीला त्या परीक्षांनी दिले आणि ते वाया गेले असे मी मुळीच म्हणणार नाही. पण तांब्या थोडा वेडावाकडा झाला तरी तो तांब्याच राहतो. चेहऱ्याच्या बाबतीत मात्र घरातले लहान मूलही परीक्षक असते आणि ओठाखालची सावली जरा जास्त झाली की समोरची व्यक्ती दुसरीच कुणीतरी होते.

आमचे सर या गडद-उजळपणाला ‘व्हॅल्यू’ म्हणतात आणि पहिले काही रविवार त्यांनी आमच्याकडून चेहरा काढूनच घेतला नाही. कोऱ्या कागदापासून पेन्सिलीच्या सर्वांत गडद काळ्यापर्यंत सारख्या अंतराच्या पायऱ्यांची पट्टी करायची, एवढेच काम होते. अशी पट्टी कलाशिक्षणात जुनीच आहे. अमेरिकेतील डेनमन रॉस यांनी १९०७ मध्ये नऊ पायऱ्यांची पट्टी मांडली होती आणि रंगांच्या वर्गीकरणासाठी प्रसिद्ध असलेल्या अल्बर्ट मन्सेल यांच्या पद्धतीत काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत शून्य ते दहा असे टप्पे असतात. हा सराव कंटाळवाणा आहे हे खरे, पण तो करताना एक गमतीदार गोष्ट हाताला कळते. मधली पायरी, म्हणजे डोळ्याला काळ्या आणि पांढऱ्याच्या बरोब्बर मध्यावर वाटणारा करडा, मोजमापाने अर्धा नसतो. चांगला पांढरा कागद त्याच्यावर पडलेला साधारण ८० ते ९० टक्के प्रकाश परत पाठवतो, आणि डोळ्याला ‘निम्मा’ वाटणारा करडा जेमतेम १८ ते २० टक्के. छायाचित्रकार प्रकाश मोजण्यासाठी जे करडे कार्ड वापरतात ते १८ टक्क्यांचे असते, ते याचमुळे. म्हणूनच नवशिक्याच्या पट्टीत उजळ बाजूला तीन-चार पायऱ्यांची दाटी होते आणि तिथून थेट काळ्यावर उडी पडते, कारण मधल्या करड्यासाठी किती ग्राफाइट लागते याचा हाताला अंदाजच नसतो. चेहऱ्याचे जवळजवळ सगळे मांस या मधल्या पायऱ्यांत असते, आणि त्या पायऱ्याच ज्याच्याकडे नाहीत त्याने गाल काढायचा कसा?

यापुढची अडचण अधिक मूलभूत आहे. खिडकीशी बसलेल्या माणसाच्या नाकाच्या शेंड्यावरची चमक आणि त्याच्याच सदऱ्याच्या कॉलरीआडचा अंधार यांच्यातले प्रकाशाचे अंतर इतके प्रचंड असते की कागदाजवळ तेवढे भांडवलच नाही. सर्वांत उजळ म्हणून आपल्याकडे फक्त कागदाचा स्वतःचा पांढरा, आणि सर्वांत गडद म्हणून पेन्सिलीचा काळा, जो नीट पाहिला तर गडद करडाच असतो. तेव्हा समोरच्या दृश्याची नक्कल करणे पहिल्या क्षणापासूनच अशक्य असते आणि करता येते ते फक्त नाते जपणे. गायक आपला षड्ज कोणत्याही पट्टीत लावू शकतो, पण एकदा तो लागला की गंधार आणि पंचम कुठे लागणार हे त्याच्या हातात राहत नाही. कोरा कागद कुठे राहील आणि सर्वांत गडद काळा कुठे बसेल, ही दोन टोके ठरली की चेहऱ्यावरच्या उरलेल्या प्रत्येक छटेची जागा तशीच बांधली जाते. सर नवीन चित्राला हात घालण्याआधी हे दोन प्रश्न विचारतात आणि उत्तर देता आले नाही तर पेन्सिल खाली ठेवायला लावतात. त्यांचा हा हट्ट मला पहिल्यांदा जाचक वाटला होता, आता तो त्यांच्या शिकवण्यातला सर्वांत मोलाचा भाग वाटतो.

ही नाती डोळ्याने पकडावीत म्हटले तर डोळा सरळ उत्तर देत नाही. अमेरिकेतील एमआयटीचे एडवर्ड एडलसन यांनी १९९५ मध्ये केलेली बुद्धिबळाच्या पटाची आकृती अनेकांनी पाहिली असेल. पटावर एक नळकांडे उभे आहे, त्याची सावली काही चौकोनांवर पडली आहे, आणि सावलीतला ‘पांढरा’ चौकोन व उजेडातला ‘काळा’ चौकोन हे प्रत्यक्षात अगदी एकाच करड्या छटेचे आहेत. हे माहीत असूनही, आजूबाजूचे सारे झाकल्याशिवाय, ते एक दिसत नाहीत. त्याच्या दीडशे वर्षे आधी पॅरिसच्या गोबलँ विणकामशाळेत रंगाई विभाग सांभाळणारे रसायनशास्त्रज्ञ शेव्हरल यांच्याकडे काळे धागे फिके पडतात अशी तक्रार आली होती, आणि तपासाअंती त्यांना दोष रंगात नसून शेजारच्या धाग्यांत सापडला. १८३९ मध्ये त्यांनी या शेजारधर्माचे नियम प्रसिद्ध केले. आपल्या मेंदूला वस्तू ओळखायची असते, उजेड मोजायचा नसतो, आणि सावलीत गेलेला पांढरा सदरा त्याला पांढराच दाखवावा लागतो. रोजच्या व्यवहारात ही मोठी सोय आहे. चित्र काढणाऱ्याला मात्र याच सोयीशी झगडावे लागते.

व्यक्तिचित्राच्या संदर्भात याचा परिणाम फार साधा आणि फार घातक असतो. कोऱ्या पांढऱ्या कागदावर गालाची पहिली हलकी छटा दिली की ती भोवतीच्या पांढऱ्यामुळे आहे त्यापेक्षा गडद दिसते, म्हणून हात तिथेच थांबतो. मग मानेखालची सावली गालाच्या मानाने बेताचीच दिली जाते, केस त्या सावलीच्या मानाने दिले जातात आणि शेवटी सगळे चित्र धुक्यात उभे असल्यासारखे फिकट होते. यावर उपाय म्हणून सर आधी पार्श्वभूमी आणि केसांतला सर्वांत गडद भाग भरायला लावतात आणि मग गालाकडे वळायला सांगतात. शेजारी एकदा खरा काळा येऊन बसला की गालाला भीती उरत नाही. दुसरा उपाय म्हणजे त्यांचे सततचे पालुपद, “ताई, डोळे बारीक करा.” डोळे किलकिले केले की पापण्यांचे केस, सुरकुत्या, भुवईतला एक-एक केस हे सारे विरघळते, जवळजवळच्या छटा एकमेकींत मिसळतात आणि चेहऱ्यावर उजेडाचे व सावलीचे दोन-तीन मोठे आकारच उरतात. वर्गात बाहेरचे कुणी डोकावले तर दहा-बारा प्रौढ माणसे एका खुर्चीकडे रोखून, मिचमिच्या डोळ्यांनी का पाहत आहेत हे त्याला कळणे कठीणच.

साहित्याबद्दल थोडक्यात सांगते, कारण त्यावर जरुरीपेक्षा जास्त बोलले जाते. आजची पेन्सिल ही मुळात युद्धातल्या टंचाईची देणगी आहे. इंग्लंडमधल्या बॉरोडेलच्या खाणीतले शुद्ध ग्राफाइट फ्रान्सला मिळेनासे झाले तेव्हा निकोला-जाक काँते यांनी ग्राफाइटच्या भुकटीत चिकणमाती मिसळून भाजण्याची रीत काढली आणि १७९५ मध्ये तिचे पेटंट घेतले. माती जास्त असेल तर शिसे कडक आणि फिके, म्हणजे ‘एच’च्या बाजूचे, आणि ग्राफाइट जास्त असेल तर मऊ आणि काळे, म्हणजे ‘बी’च्या बाजूचे. माझ्या डबीत एचबी, टूबी, फोरबी आणि सिक्सबी एवढ्याच पेन्सिली असतात आणि त्या पुरतात. कटरने लाकूड लांबवर तासून शिसे बरेच बाहेर काढायचे, पेन्सिल आडवी धरून शिशाच्या कडेने हलके थर द्यायचे आणि गडदपणा थरांनी वाढवायचा, दाबून नव्हे. दाब दिला की कागदाचे दाणे चेपले जातात, त्यांच्यात पुढचा थर बसत नाही आणि ग्राफाइटच्या चपट्या कणांमुळे तिथे काळ्याऐवजी लकाकी येते. ज्या जागी सर्वांत जास्त अंधार हवा नेमकी तीच जागा तिरक्या उजेडात शिशासारखी चमकते, हा पेन्सिलीचा जन्मजात दोष आहे आणि कोळशाच्या कांडीत तो नाही. बोटाने घासून छटा गुळगुळीत करण्याला माझा ठाम विरोध आहे. बोटांचे तेल कागदाला लागते, नंतरचे थर तिथे डागाळतात, आणि ते टळले तरी असा घासलेला गाल पावडर लावल्यासारखा निर्जीव दिसतो. समाजमाध्यमांवर अशा गुळगुळीत गालांना हजारो पसंत्या मिळतात, त्याला इलाज नाही.

चेहरा हाती येण्याआधी सरांनी चेंडू, अंडे आणि ठोकळा यांच्यावर बराच काळ घालवला. गोलावर प्रकाशाकडचा भाग, मग हळूहळू कलत जाणाऱ्या मधल्या छटा, मग जिथे प्रकाश पोहोचणे थांबते तिथला गडद पट्टा, त्याच्या पलीकडे टेबलावरून उलटून आलेला मंद परावर्तित प्रकाश आणि शेवटी टेबलावरची पडछाया, हा क्रम एकदा डोळ्यांत बसला की तो कपाळावर, गालावर, हनुवटीवर आणि नाकाच्या शेंड्यावरही दिसू लागतो. यातला फसवा भाग म्हणजे परावर्तित प्रकाश. जबड्याखालच्या सावलीत सदऱ्यावरून किंवा पातळावरून आलेला उजेड भोवतीच्या काळोखामुळे लखलखीत वाटतो आणि मोह होतो तो तसाच उजळ ठेवण्याचा. तसे केले की जबडा फुटतो, कारण सावलीतले काहीही उजेडातल्या सर्वांत गडद छटेपेक्षा उजळ असू नये हा नियम मोडला जातो. आपल्या घरांत तर हा प्रश्न अधिकच बिकट असतो. चुन्यासारख्या पांढऱ्या भिंती, दोन बाजूंना ट्यूबलाइट, वर बल्ब, आणि चेहऱ्यावर सावली म्हणून कुठे टिकायलाच तयार नाही. लिओनार्दो दा विंची यांनी व्यक्तिचित्रासाठी काळ्या भिंतींचे आणि वर कापड ताणलेले अंगण सुचवले होते. अंगण आणायचे कुठून, पण एकाच खिडकीचा उजेड ठेवून दुसऱ्या बाजूच्या भिंतीवर गडद चादर टांगण्याचा उपाय मी घरी करते आणि त्याने चेहऱ्याला एकदम घाट येतो.

या सरावाने हात थोडा बसल्यावर मी आत्याला बसवले. ती ऐंशीच्या घरातली, रंगाने सावळी, केस पूर्ण पांढरे, कानांत मोत्यांच्या कुड्या आणि नाकात लहानशी चमकी. खिडकी तिच्या डाव्या हाताला होती. डोळे बारीक करून पाहिले तेव्हा तिच्या चेहऱ्याचा उजवा अर्धा भाग, नाकाची पडछाया, उजव्या डोळ्याची खोबण, गालफडाखालचा खड्डा आणि मानेची बाजू, हे सारे मिळून एकच सलग गडद आकार झालेला दिसला. मी बाकी काही काढण्याआधी तो एकच आकार टूबीने सपाट भरला. ना डोळा, ना ओठ, ना भुवई, आणि तरीही खोलीच्या दाराशी उभ्या असलेल्या काकूंनी ती आत्या आहे हे ओळखले. व्यक्तिचित्रातील साम्य नाकडोळ्यांच्या बारकाव्यांत असते असा आपला समज असतो, पण ते पुष्कळसे या सावलीच्या आकाराच्या कडेत असते. ही कड प्रत्येक माणसाची वेगळी. आत्याची कड कपाळावर अगदी मऊ, दोन बोटे रुंद अशी विरत जात होती, कारण तिथे हाड हळू वळते. नाकाच्या पडछायेची कड मात्र नाकाला लागून होती तिथे धारदार होती आणि ओठाकडे येता येता ढिली पडत गेली. वरचा ओठ पूर्ण काळसर, कारण तो खाली झुकलेला असतो. खालचा वर तोंड करून असल्यामुळे उजळ, आणि त्याच्या खाली पुन्हा एक लहान, खोल सावली, जिच्यावर खालच्या ओठाचा सगळा फुगीरपणा अवलंबून असतो. ओठांची बाह्यरेषा मी काढलीच नाही, तिची गरज पडली नाही. चमकीवर खिडकीचा एक टिपूस उजेड पडला होता आणि संपूर्ण चेहऱ्यात पूर्ण कोरा राहिला तो तेवढाच कागद.

खरा निर्णय मात्र कपाळाचा होता. आत्याच्या चेहऱ्याची उजेडातली बाजूसुद्धा, सावळी असल्यामुळे, तिच्या पातळापेक्षा आणि केसांपेक्षा बरीच गडद होती. म्हणजे त्या बाजूलाही पट्टीतली चौथी-पाचवी पायरी द्यायला हवी होती आणि सावलीच्या बाजूला त्याहून खाली उतरायला हवे होते. छायांकनाच्या प्रचलित शिक्षणात ही गोष्ट फारशी येत नाही, आणि त्याचे एक कारण मला त्या शिक्षणाच्या इतिहासातच दिसते. मुंबईत १८५७ साली सुरू झालेल्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आणि तिच्या वळणावर चाललेल्या अनेक कलावर्गांत विद्यार्थी आधी ग्रीक-रोमन पुतळ्यांच्या पांढऱ्या प्लास्टर प्रतिकृतींवरून छायाप्रकाश शिकत. प्लास्टर उत्तम शिक्षक आहे, यात शंका नाही. त्याला स्वतःचा रंग नसल्यामुळे प्रकाश घाटावरून कसा वळतो हे निर्भेळपणे दिसते. पण सबंध चेहऱ्यालाच मुळात एक छटा असते, ही गोष्ट प्लास्टर शिकवू शकत नाही. त्यातून डोळ्याला सवय लागते ती उजेडाची बाजू म्हणजे कोरा कागद अशी, आणि मग दिवे घाटातला शेतकरी असो की आगरी कोळीण, कागदावर सगळेच संगमरवरी होतात.

सावळी त्वचा अधिक गडद थरांनी काढायची एवढ्यानेही भागत नाही, तिचा प्रकाशही वेगळा वागतो. त्वचेवर पडलेल्या उजेडाचा एक भाग आत शिरून, पसरून बाहेर येतो आणि हा भाग गडद त्वचेत बराच शोषला जातो. दुसरा भाग तेलकट, ओलसर पृष्ठभागावरूनच आरशासारखा उसळतो, आणि तो गोऱ्या व काळ्या त्वचेत फारसा वेगळा नसतो. त्यामुळे सावळ्या चेहऱ्यावर कपाळाची, गालफडाची आणि नाकाच्या शेंड्याची चमक भोवतीच्या छटेपासून अधिक ठळकपणे सुटते आणि घाट दाखवण्याचे निम्मे काम तीच करते. गोऱ्या चेहऱ्यावर जिथे मधल्या छटांच्या नाजूक उतरणीवर विसंबावे लागते, तिथे सावळ्या चेहऱ्यावर या चकाकीच्या कडा अचूक ठेवाव्या लागतात. माझ्या मते चित्र काढण्यासाठी सावळा चेहरा अधिक श्रीमंत आहे, कारण तो पट्टीची दोन्ही टोके वापरू देतो.

चित्र अर्ध्यावर आले तेव्हा आतेभाऊ येऊन उभा राहिला आणि म्हणाला, “अगं, आईला एवढी काळी का केलीस? जरा उजळ कर ना.” त्यात त्याचा हेतू वाईट नव्हता. आपल्याकडच्या स्टुडिओंनी ही अपेक्षा पिढ्यान्पिढ्या पुरवली आहे, आणि विशेष म्हणजे पेन्सिलीनेच पुरवली आहे. कृष्णधवल छायाचित्रांच्या काळात निगेटिव्ह खालून प्रकाश येणाऱ्या तिरक्या मेजावर ठेवत, तिच्यावर पेन्सिल धरावी म्हणून एक द्राव चोळत आणि सुईसारखी टोकदार केलेली कडक पेन्सिल घेऊन अगदी बारीक स्वल्पविरामासारख्या फटकाऱ्यांनी चेहऱ्यावर काम करत. निगेटिव्हवर पेन्सिलीने जे गडद होते ते छापील फोटोत उजळ होऊन उतरते. डोळ्यांखालची काळी वर्तुळे, देवीचे व्रण, गालावरचा सावळेपणा असे सारे त्या काचेवर किंवा फिल्मवर भरून काढले जाई, आणि स्थळांकडे पाठवायच्या फोटोत तर हमखास. माझ्या आईच्या अशा एका फोटोत तिची मान गळ्याशी एका रंगाची आणि चेहरा दुसऱ्याच रंगाचा आहे, कारण कारागिराने बहुधा मान हिशेबात धरली नव्हती. हे कौशल्य मला मनापासून थक्क करते आणि त्याचा हेतू मला मुळीच आवडत नाही. मी आतेभावाला चित्रापासून दहा पावले मागे नेले आणि पुन्हा पाहायला सांगितले. पार्श्वभूमी भरल्यावर तो तक्रार करायचा थांबला, त्याचे मत बदलले की तो कंटाळला हे मी विचारले नाही. आत्याला मात्र रंगाचे काही वाटले नाही. तिचे म्हणणे एवढेच होते की हनुवटी तिच्या सासूबाईंसारखी दिसते.

उजळपणा हा शेजारून उसना आणावा लागतो, हे मला सर्वांत स्पष्टपणे दिसले ते सावंतवाडीत जन्मलेल्या सा. ल. हळदणकरांच्या ‘ग्लो ऑफ होप’ या चित्रात. १९४५-४६ च्या सुमारास केलेले हे जलरंगातले चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे, आणि हातात दिवा घेतलेली ती स्त्री राजा रविवर्म्याची म्हणून अजूनही घरोघरी सांगितली जाते. तिच्यासाठी हळदणकरांची कन्या उभी राहिली होती. एका हातात दिवा, दुसऱ्या हाताचा आडोसा आणि त्या बोटांतून पाझरणारा लालसर उजेड, हे सर्वांच्या लक्षात राहते. पण प्रकाश खालून येत असल्याने चेहऱ्यावरचा सगळा नेहमीचा हिशेब तिथे उलटलेला आहे. हनुवटीची खालची बाजू, नाकपुड्या, भुवयांखालचा भाग, म्हणजे एरवी सावलीत असणारे सारे उतार, तिथे उजळलेले आहेत. कागदाहून उजळ असे तिथेही काही नाही. चित्राचा मोठा भाग अंधाराला देऊन टाकण्याची तयारी चित्रकाराने दाखवली आहे, आणि तो उजेड त्या अंधाराच्या जिवावर उभा आहे. या चित्राची कृष्णधवल छपाई घेऊन तिच्यावरून पेन्सिलीने छटांचा अभ्यास करणे हा माझा आवडता सराव आहे. रंग काढून घेतल्यावरही दिवा विझत नाही.

किती छटा द्यायच्या याबद्दल थोरांमध्येही एकमत नाही, हे पाहून बरे वाटते. १८१५ मध्ये नेपोलियनचा पाडाव झाल्यावर रोममध्ये राहणारे फ्रेंच चित्रकार अँग्र यांचे फ्रेंच आश्रयदाते गेले आणि पोटासाठी त्यांनी प्रवासी लोकांची, विशेषतः इंग्रजांची, पेन्सिल-व्यक्तिचित्रे काढली. त्यांनी १८१९ मध्ये काढलेले व्हायोलिनवादक पागानिनी यांचे चित्र लूव्र संग्रहालयात आहे. चेहऱ्यावर अत्यंत मोजक्या, हलक्या छटा आणि कपडे जवळजवळ नुसत्या रेषेत. नजर आपोआप चेहऱ्यावर जाऊन थांबते, कारण छटा फक्त तिथेच आहे. याच्या अगदी दुसऱ्या टोकाला फ्रेंच चित्रकार जॉर्ज सरा यांचे १८८२-८३ मधले आपल्या मित्राचे, अमाँ-जाँचे, चित्र. ते त्याच काँतेच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या काळ्या खडूने, खरबरीत दाण्याच्या कागदावर केलेले आहे आणि त्यात शोधूनही बाह्यरेषा सापडत नाही. खडू कागदाच्या उंचवट्यांना लागतो, खळगे पांढरे राहतात, आणि त्या दोहोंच्या मिश्रणातून कपाळ, दाढी, कोट असे सगळे घडत जाते. मन माझे जॉर्ज सरा यांच्याकडे ओढले जाते, पण हातात पेन्सिल आहे आणि पेन्सिलीला तो मखमली काळा येत नाही, तेव्हा आत्याच्या चित्रात मी चेहरा पूर्ण छटांत केला आणि पातळ अँग्रच्या रीतीने रेषेतच सोडले. काठ भरला असता तर बरे झाले असते, असे घरातल्या बायकांचे मत पडले. ते मी नोंदवून ठेवले आहे, मानलेले नाही.

फोटोवरून काढण्याबद्दल विचारणाऱ्यांना एवढेच सांगते की मोबाइलचा फोटो हा छटांचा विश्वासू साक्षीदार नसतो. मोबाइल आपल्या मर्जीने सावल्या उजळ करतो, कपाळ जळून पांढरेफटक होते, आणि हल्ली तर न विचारता त्वचा गुळगुळीत करून देतो. जुन्या स्टुडिओतला कारागीर निदान पैसे घेऊन हे करत असे. फोटो कृष्णधवल करून छटांची पडताळणी करायला हरकत नाही, पण निर्णय समोरच्या माणसाकडे पाहूनच घ्यावा. पुठ्ठ्याच्या तुकड्याला एक छोटे भोक पाडून त्यातून आधी गाल, मग मान पाहिली तरी शेजारधर्माचा निम्मा गोंधळ तिथल्या तिथे निस्तरतो.

आत्याचे चित्र आता चौकटीत बसले आहे. आतेभावाने ते खिडकीसमोरच्या भिंतीवर टांगायचे ठरवले होते. तिथे दुपारी तिरका उजेड आला की सिक्सबीने भरलेली सगळी पार्श्वभूमी लकाकू लागते, वरून काचेची चमक, आणि चेहरा दिसेनासा होतो. म्हणून मी ते बाजूच्या, फ्रिजच्या वरच्या भिंतीवर लावायला सांगितले. तिथे आधी लावलेले पंचांगाचे कॅलेंडर कुठे हलवायचे यावर त्यांच्या घरी अजून चर्चा चालू आहे.